ऑइल खाणारी गाडी आणि माझं सपाट खळं

आमच्या ह्यांनी माझी नवीकोरी सोलापुरी चादर गाडीवर घातली, त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. चादर पाहुण्यांसाठी ट्रंकेत ठेवलेली होती. तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी मागच्या दारी भांडी घासून पुढे आले तर अंगणाच्या कडेला चादर उभी, आणि चादरीखाली चार चाकं.

"ही काय तऱ्हा?" मी विचारलं.

"दव पडतं गो," हे म्हणाले. "रंग जातो."

चाळीस वर्षं मी पहाटेच्या दवात अंगण झाडते आहे. माझा रंग गेला तेव्हा कोणी चादर आणली नाही.

ह्यांना सगळी वाडी आप्पा म्हणते. एकतीस वर्षं ह्यांनी एसटी चालवली. दापोली-चिपळूण, दापोली-दाभोळ, दापोली-मुंबई. कुणा माणसाला धक्का नाही, कुणाच्या म्हशीला धक्का नाही. एकदा एक कोंबडी गेली, पण ती तिच्या चुकीने गेली. असा सरळ माणूस. रिटायर झाल्यावर लोक कलमं लावतात, भजनाला बसतात, नाहीतर बायकोच्या पायात पायात येतात. ह्यांनी दहा वर्षं तेच केलं आणि मग एके दिवशी पुण्याला जाऊन जुनी गाडी घेऊन आले. तीही कशी? लालभडक, काळ्या टपाची, मागे पंख लावलेली, आणि जमिनीपासून चार बोटं वर. आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं बसायचं, आणि उतरताना दोन माणसांनी हात द्यायचा. मागच्या काचेवर इंग्रजीत काहीतरी तिरकं लिहिलेलं. त्याचा अर्थ खेळाची गाडी असा होतो म्हणे.

"हिच्यात खेळणार कोण?" मी विचारलं. "तुम्ही अडुसष्टचे, मी चौसष्टची."

ह्यांनी गाडीचा दरवाजा उघडून माझ्यासाठी धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी बसले. बसल्यावर गाडी हालेना. मी ह्यांच्याकडे बघते, हे समोर बघतात.

"आता काय?"

"बेल दे," हे म्हणाले.

एकतीस वर्षांची सवय. कंडक्टरने दोनदा घंटी मारल्याशिवाय ह्यांचा पाय उचलत नाही. तेव्हापासून मी पत्र्यावर दोनदा टकटक करते, मग आम्ही निघतो. एका टकटकीला थांबतो. लोक हसतात. हसोत. त्यांच्या घरात तरी कोण कोणाचं ऐकतं?

तर पहिला महिना बरा गेला. मग एके दिवशी चिपळूणहून येताना स्टिअरिंगपुढच्या काट्यांच्या मधे लाल दिवा पेटला. मी तिसरी शिकलेली असले तरी चित्र मला वाचता येतं. चहाची किटली होती, आणि तिच्या तोंडातून एक थेंब पडत होता.

"किटली कशाला दाखवते ही?" मी विचारलं.

हे खूश झाले. म्हणाले, "नव्या गाड्यांना कळतं. ड्रायव्हर दमला की चहा घे म्हणून सांगतात."

मग पहिल्या टपरीवर आम्ही चहा घेतला. किटली विझली नाही. पुढच्या टपरीवर घेतला. विझली नाही. तिसऱ्या ठिकाणी माझ्या पोटात जागा नव्हती म्हणून हे एकटे दोन कप प्यायले. किटली पेटलेलीच. घरी पोचलो तेव्हा हे चहाने फुगलेले आणि इंजिन आतून खडखडत असलेलं.

मुंबईला अनिलला फोन लावला. अनिल म्हणजे आमचा मुलगा. तो म्हणाला, "आई, ती किटली नाही. ती तेलाची झारी आहे. इंजिनमधलं ऑइल संपलंय! बॉनेट उघडून डिपस्टिक बघितली नाहीत कधी?"

ह्यांचा अपमान झाला. "बॉनेट उघडणं ड्रायव्हरचं काम नव्हे," हे म्हणाले. "ते डेपोत मेकॅनिक बघतात. आम्ही सही करायची आणि गाडी काढायची."

"बाबा, आता डेपो तुम्हीच."

हे ऐकल्यावर ह्यांचा चेहरा असा झाला की मला दया आली. मग अनिलने मला सगळं समजावून सांगितलं, कारण ह्यांना चष्म्यातूनही डिपस्टिकची, म्हणजे तेलाच्या पट्टीवरची, बारीक रेघ दिसत नाही. असल्या पळणाऱ्या गाड्या थोडं ऑइल खातातच. आठवड्याला एकदा बघायचं. गाडी बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पट्टी काढून पुसायची, परत घालायची, परत काढायची. खालची खूण आणि वरची खूण, तेल त्या दोघींच्या मधे पाहिजे. "आणि आई, गाडी एकदम सपाट जागेवर उभी पाहिजे. हे सगळ्यात महत्त्वाचं."

आता सांगते. आमच्या वाडीत सपाट जागा मिळणं म्हणजे मुंबईत विहीर मिळण्यासारखं. रस्ता चढाचा, पाणंद उताराची, शाळेचं मैदान असं की पोरं एका बाजूने चेंडू मारतात आणि तो आपोआप नदीला जातो. वाडीतल्याच सदूभाऊजींच्या पडवीत तर पाहुणा झोपला की सकाळी भिंतीला लागलेला सापडतो. अख्ख्या वाडीत सपाट जागा एकच. माझं खळं.

खळं म्हणजे आमच्याकडे घरासमोरची चोपून चोपून, शेणाने सारवून केलेली जागा. दिवाळीनंतर माती आणायची, भिजवायची, धोपटायची, सारवायची. भात झोडायचं ते तिथे, वाळवणं तिथे, लग्नाचं जेवण तिथे. माझ्या खळ्याची कीर्ती दाभोळपर्यंत आहे. एवढं गुळगुळीत की दाणा पडला तर सुईने टिपावा. आणि पाणी सांडलं तर क्षणात निघून जाईल, डबकं म्हणून राहायचं नाही. वाडीतल्या बायका आपापली खळी करताना मला बघायला बोलावतात. गंगुबाई सोडून. शेजारची गंगुबाई मला बोलावत नाही, कारण तिचं खळं बघवत नाही.

त्या खळ्यावर आजवर मी बैलगाडी येऊ दिलेली नव्हती. पण सपाट जागेचा प्रश्न आला तेव्हा मी मागेपुढे पाहिलं नाही. "आणा गाडी," मी म्हटलं. चाकांखाली गोणपाटं घातली, गाडीचं तोंड घराकडे केलं, आणि दर गुरुवारी सकाळी मी पट्टी काढायला लागले.

तेलाच्या बाबतीत माझा हात कोणी धरायचा नाही. लोणच्याला किती, वड्याला किती, दिव्याला किती, हे मी डोळ्याने सांगते. पहिल्या गुरुवारी पट्टी जवळजवळ कोरडी. पाच वाट्या घातल्या. पुढच्या गुरुवारी बघते तर तेल खालच्या खुणेच्या जरा वर. मला ते बघवेना. एवढी मोठी गाडी, आणि तिला अर्धपोटी ठेवायची? वरच्या खुणेपर्यंत भरलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी परत कमी. परत भरलं. परत कमी.

"खाते गो खूप," हे म्हणायचे.

"खाऊ दे," मी म्हणायचे. "आपल्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही."

मग धूर सुरू झाला.

पहिल्यांदा मला वाटलं कुणी पालापाचोळा पेटवला. निळसर, दाट, खवट वासाचा धूर, आणि तो आमच्या मागूनच येत होता. आम्ही वाडीतून निघालो की मागची घरं दिसेनाशी व्हायची. पोरं ओरडत धुरात धावायची. गंगुबाई एकदा पदर नाकाला लावून रस्त्यात आडवी आली. मला वाटलं भांडायला आली. तर म्हणते, "आप्पा, ग्रामपंचायतीने डासांची फवारणी तुमच्याकडे दिली काय? मग आमच्या गोठ्यावरून पण एक फेरी मारा. तुमच्या घरापुरतीच नका मारू."

मी पत्र्यावर दोनदा टकटक केली आणि आम्ही निघून गेलो. काही माणसांना उत्तर देण्यापेक्षा धूर दिलेला बरा.

सल्ले मात्र कोणी उधार ठेवले नाहीत. सदूभाऊजी दहा वर्षं पॉवर टिलर चालवतात, त्यामुळे स्वतःला इंजिनांतले डॉक्टर समजतात. ते बॉनेटमधे खांद्यापर्यंत वाकून म्हणाले, "वयनी, तुमचं ऑइल पातळ. पाण्यासारखं. कसं टिकंल? माझ्याकडचं टिलरचं घाला. गुळाच्या काकवीगत जाड हाय. एकदा बसलं की उठायचं नाय."

घातलं. गाडीही सकाळी उठायची नाही. शेवटी ढकलून उठवली, तर धूर आधी निळा होता तो आता निळा-काळा. सदूभाऊजींनी नाकाने वास घेतला आणि म्हणाले, "बघा, जुनं बाहेर पडतंय. चांगलं लक्षण." ते काढून परत पातळ ऑइल भरण्यात आमचा एक आठवडा गेला, आणि खळ्याच्या कोपऱ्यात एक काळा डाग पडला तो वेगळाच. माझी पांढरी कोंबडी त्याच्यात लोळली. आता ती करडी दिसते आणि अंडी देत नाही. अपमान झालाय तिचा.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण दिवस मोहोराचे. गंगुबाईची सात कलमं रस्त्याला लागून. तिने ग्रामपंचायतीत अर्ज दिला की आप्पांच्या गाडीच्या धुराने माझा मोहोर करपला. सदूभाऊजींनी लगेच तोंडी हरकत घेतली की उलट धुराने तुडतुडे मरतात, आप्पांनी रोज माझ्या कलमांखाली गाडी चालू ठेवून उभी करावी. ग्रामसेवकाने दोघांचं ऐकलं आणि ज्याने काहीच मागितलं नव्हतं त्याला, म्हणजे ह्यांना, नोटीस काढली. पंधरा दिवसांत गाडीचा पीयूसी, म्हणजे धुराचा दाखला, सादर करा. नाहीतर गाडी वाडीच्या रस्त्याने आणू नका. वाडीला दुसरा रस्ताच नाही. म्हणजे गाडी एकतर घरात चुलीजवळ बांधायची, नाहीतर विकायची.

ती नोटीस मी तीनदा वाचायला लावली. आमच्या घराला आजपर्यंत नोटीस म्हणून आलेली नव्हती. लग्नपत्रिका आल्या, श्राद्धाची बोलावणी आली, पण नोटीस नाही. गंगुबाई त्या दिवशी विनाकारण चार वेळा आमच्या दारावरून पाण्याला गेली. तिच्या घरात नळ आहे.

दाखला काढायला गेलो. ते धूर तपासायचं केंद्र एका बंद टेम्पोत असतं. आत एक माणूस, एक कॉम्प्युटर आणि एक नळी. ती नळी गाडीच्या मागे घालायची. माणूस म्हणाला, "आप्पा, जरा रेस द्या." ह्यांनी दिली. टेम्पोत धूर गेला तो बाहेर येईना. माणूस खोकत बाहेर आला, त्याच्या मागून कॉम्प्युटरचा आवाज आला, आणि मग तोही थांबला.

"नापास?" ह्यांनी विचारलं.

"नापास व्हायला आकडा यावा लागतो," तो डोळे पुसत म्हणाला. "ह्याला आकडाच येत नाय."

आणि गाडी अजून पुण्याच्या माणसाच्याच नावावर. ती ह्यांच्या नावावर करायची तर आरटीओच्या ऑफिसालाही हाच दाखला हवा. त्याआधी तिथे गाडीच्या अंगावर खोदलेला नंबर कागद लावून पेन्सिलीने घासून उठवून आणायला सांगितलं होतं. तो नंबर सीटखाली, गालिच्याखाली. हे अर्धा तास उलटे होऊन घासत होते, पाय बाहेर. ते सगळं केलं ह्यांनी, हूं की चूं न करता. आणि अडलं कुठे, तर धुरात.

शेवटी गफूरला बोलावला. गफूर म्हणजे दाभोळ रस्त्यावरचा मेकॅनिक. अठरा वर्षं कुवेतला शेखांच्या असल्याच पळणाऱ्या गाड्या बघितलेला माणूस. त्याने गाडी चालू केली, कान लावला, माझ्या आईचा वैद्य नाडी बघायचा तसा डोळे मिटून उभा राहिला. म्हणाला, "काकी, इंजिन ठणठणीत हाय. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ओढ गेली असती. हिची ओढ बघा, घोडी हाय घोडी." मग त्याने विचारलं, "ऑइल कोण बघतं?"

"मी," मी म्हटलं.

"कुठे उभी करून?"

"इथेच. ह्या खळ्यावर."

गफूरने खळ्याकडे बघितलं. मग उकिडवा बसला. मग एक डोळा मिटून खळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. हे तिकडे उगाचच खोकले.

"काकी," गफूर हळू म्हणाला, "खळं जरा..."

"काय जरा?"

"नाय, म्हणजे थोडा..."

"गफूर," मी म्हटलं, "ह्या खळ्यावर तीन लग्नं लागली. ह्या खळ्यावर अर्ध्या वाडीचं भात झोडलं. तुझ्या बापाने, गेला बिचारा, ह्याच खळ्यावर बसून माझ्या हातची आंबोळी-चटणी खाल्ली आणि असं खळं बघितलं नाही म्हणाला. तुला काय दिसतंय ते मोठ्याने बोल."

गफूरने चपला घातल्या. "खळं झकास हाय, काकी. फक्त एकदा माझ्या गॅरेजात आणा गाडी. तिथे शिमिटाची जागा हाय, तिथे बघू."

"आमच्याकडे जागा नाही म्हणून दुसऱ्याच्या दारात जाऊन मोजायचं?"

गफूर गेला. जाताना ह्यांच्याकडे बघून त्याने मान हलवली. ह्यांनीही हलवली. मला वाटलं इंजिनाबद्दल असेल.

नोटिशीचे तीन दिवस राहिले तेव्हा अनिलचा फोन आला. "बाबा, काढून टाका. चिपळूणचा एक जण घेतो म्हणतोय, आहे त्या स्थितीत." मी टपून बसले होते की हे आता भांडतील. हे म्हणाले, "बरं." एवढंच. फोन ठेवला आणि कोयती घेऊन झावळ्या तोडायला गेले. झावळ्यांची गरज नव्हती.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. तीन महिने मी काय म्हणत होते? हे लाल भूत दारातून जाऊ दे. पण त्या दिवशी जेवताना ह्यांनी आमटीत मीठ नाही हेसुद्धा सांगितलं नाही. मीठ मी मुद्दाम घातलं नव्हतं.

घेणारा यायचा त्या सकाळी मी खळं सारवायला काढलं. गाडी खळ्यावरच होती, तोंड घराकडे करून. जाण्याआधी दार तरी चांगलं दिसावं, म्हणून मी गाडीच्या कडेकडेने शेणकाला ओतत होते. काला पातळ झाला होता. तो माझ्या पायाजवळून निघाला, गाडीच्या पुढच्या चाकाला वळसा घालून पोटाखाली गेला, आणि मागच्या चाकाकडून बाहेर येऊन खळ्याच्या कडेने पाणंदीत उतरला. मी बघतच राहिले. चाळीस वर्षं मी हे पाणी असंच जाताना बघते आहे. कौतुकाने बघते आहे. डबकं होत नाही म्हणून.

पाणी थांबत नाही, म्हणजे कुठेतरी जातं. जातं, म्हणजे तिथे उतार आहे.

मी आत गेले. पितळेची मोठी परात काढली, ती गाडीच्या पुढे खळ्यावर ठेवली आणि तिच्यात कळशीने पाणी ओतलं. मग मी गफूरसारखी उकिडवी बसले. पाणंदीकडच्या बाजूला पाणी काठाला टेकलं होतं. घराकडच्या बाजूला पितळ कोरडं, चकचकीत. परात फिरवून बघितली, परातीचा दोष असेल म्हणून. परातीचा दोष नव्हता.

म्हणजे गाडीचं नाक वर, शेपूट खाली. आतलं तेल मागे सरकलेलं. पट्टी पुढच्या अंगाला, ती कमी दाखवणार. आणि मी दर गुरुवारी वाटीने वाढत होते. ती बिचारी जास्तीचं धुरातून ओकत होती, आणि ओकली की मी परत वाढत होते. पाहुणा हात आडवा करतो तरी मी वाढते, ही माझी ख्याती. पण पाहुण्याला निदान हात असतो.

खोटं सांगत नाही. मी उठले, परातीतलं पाणी तुळशीला घातलं, परात जागेवर ठेवली, आणि ठरवलं की मला काही दिसलेलं नाही. गाडी काय, लोखंड. आज आहे, उद्या नाही. खळ्याचं नाव चाळीस वर्षांचं. आणि गंगुबाई त्या वेळी कुंपणापलीकडे मिरच्या वाळत घालत होती. एका मिरचीला तिला पाव तास लागत होता.

मग मी ह्यांना बघितलं. हे गाडीत बसले होते. इंजिन बंद, दरवाजा उघडा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कुठे जात नव्हते. नुसते समोर बघत होते, घाटातलं वळण बघावं तसे.

तेवढ्यात घेणारा आला. गौरव म्हणून. पांढरे बूट, काळा चष्मा, गळ्यात साखळी. चिपळुणात जुन्या गाड्यांचा व्यापार करतो. त्याला बघायला सदूभाऊजी आले, कुंपणाची मिरची टाकून गंगुबाई आली. गौरवने गाडीला दोन फेऱ्या मारल्या, चाकाला लाथ घातली, बॉनेट उघडलं आणि पट्टी काढली.

"हे बघा. तेल खाली. खाते ही, भरपूर खाते." त्याने पट्टी ह्यांच्या नाकासमोर धरली. "आजोबा, गाडीची वाट लावलीत तुम्ही. एसटी हाकणाऱ्यांना असली गाडी झेपत नाही. धोपटली असणार बसगत."

हे खाली बघत उभे. एकतीस वर्षं धक्का न लावलेला माणूस, आणि हे पांढऱ्या बुटांचं पोर त्याला गाडी चालवायला शिकवतंय. ह्यांना बोलायचा हक्क ह्या जगात एकाच माणसाला आहे, आणि तो मी चाळीस वर्षं नीट वापरला आहे. दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.

"पट्टी ठेव खाली," मी म्हटलं.

"काय झालं आजी?"

"गाडी तेल खात नाही. ह्यांनी तिला धोपटली नाही." गंगुबाई एक पाऊल पुढे आली होती. "माझं खळं वाकडं आहे."

सदूभाऊजींच्या तोंडातली सुपारी चावायची थांबली. गंगुबाईने पदर तोंडाला लावला, आणि तो का लावला हे मला चांगलं माहीत आहे.

"वयनी," सदूभाऊजी म्हणाले, "तुमचं खळं? तुमचं?"

"माझं. गाडी वळवा. शेपूट घराकडे करा, मग बघा."

ह्यांनी गाडी वळवली. दहा मिनिटं आम्ही सगळे उभे राहिलो, मयताला उभे राहतात तसे. मग मी पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. मी ती पट्टी आधी गौरवला दाखवली, मग सदूभाऊजींना, आणि शेवटी गंगुबाईच्या डोळ्यांसमोर धरली. लपवायचं काय आता?

गौरवचा आवाज लगेच गोड झाला. "म्हणजे इंजिन चांगलं आहे? मग मी घेतो ना आजी, आत्ता घेतो."

"बूट सांभाळ," मी म्हटलं. "शेण ओलं आहे. तिकडून रस्ता आहे."

गाडी गफूरकडे नेली. त्याच्या शिमिटाच्या जागेवर त्याने खालून तेल काढलं. वाटीने नव्हे, डब्याने निघालं. मी बाजूच्या बाकड्यावर पदर नीट करून बसले होते. गफूरने डबा माझ्याकडे दाखवला नाही. तेवढी लाज त्याने राखली. फक्त म्हणाला, "काकी, ही थोडं खाणारच. पण महिन्यात एकदा, एक घोट. जेवण नाय." दोन दिवस धूर येत राहिला, आतलं साचलेलं जळेपर्यंत. तिसऱ्या दिवशी, नोटिशीच्या शेवटच्या दिवशी, त्या टेम्पोतल्या माणसाने आम्हाला बघून आधी खिडकी उघडली, तोंडाला रुमाल बांधला, आणि मग नळी घातली. आकडा आला. तोही पास व्हायचा. त्याने रुमाल सोडला आणि कागद छापून दिला. तो ग्रामपंचायतीत मी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. शिक्क्यासकट.

परत आल्यावर ह्यांनी गाडी अंगणाच्या कडेला, खळ्याच्या बाहेर लावली. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, उतरले आणि न बघता पायाने एक दगड मागच्या चाकाला सरकवला. मी तो दगड बघितला. मग खळ्यावर बघितलं. तिथेही गाडी उभी राहायची त्या जागी, मागच्या अंगाला, तसाच एक दगड पडलेला होता. दोन महिने मी त्याच्या भोवतीने सारवत होते. मला वाटायचं कोंबडीच्या पिल्लांनी आणला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

हे किल्ली खिशात घालत होते. ती खिशात जाईना.

"एकतीस वर्षं घाटात गाडी लावली गो," हे म्हणाले. "पाय ब्रेकवरून काढला की ढाळ कळतो. खळ्यावर पहिल्याच दिवशी कळला."

"आणि तेलाचं?"

"ते दुसऱ्या महिन्यात. गफूर आला त्याच्या आधीच. मी एकदा तू पाण्याला गेलीस तेव्हा उलटी लावून बघितली होती. भिंग लावून."

"आणि गाडी विकायला निघालात? बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" हे म्हणाले. "खळं तुझं आहे."

मी पायरीवर बसले. ह्यांच्याकडे बघितलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हातात किल्ली, बोलणी खायला तयार उभा. ती गाडी ह्यांनी जन्मभर मनात धरलेली, हे मला आता कळत होतं, आणि माझ्या चार हात मातीसाठी हे ती मुकाट्याने पांढऱ्या बुटांच्या हवाली करणार होते. डोळ्यांना काहीतरी झालं. कुंपणापलीकडे गंगुबाई होतीच, म्हणून मी आवाज चढवला. तिलाही ऐकू जावं असा.

"ऐका आता, एकदाच सांगते," मी म्हटलं. "गाडी राहील. नाव तुमचं लागेल. तिच्यात तेल जास्त झालं होतं आणि तुमच्यात सोशिकपणा. धूर दोघांचाही माझ्याच डोळ्यांत गेला. तिचं गफूरने काढलं, तुमचं मी काढणार. उद्यापासून माझी चूक दिसली की तोंडावर सांगायचं, वाडीला ऐकू जाईल असं. मी भांडेन, ताट आदळीन, दोन दिवस बोलणार नाही. ते सगळं सोसा. पण न सांगता सोसाल तर मला तुमच्याबरोबर राहायचं नाही."